विडीला अर्धी ओळ?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला महाधमनीच्या (हृदयापासून पोटाकडे जाणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) फुगवट्यावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपल्याच वाचण्यात काहीतरी चुकतंय. कारणांमध्ये पहिला नंबर ताणतणाव, दुसरा मधुमेह, तिसरा 'बदललेली जीवनशैली' (म्हणजे नेमकं काय हो?) आणि धूम्रपान पार तळाला, अर्धी ओळ, तीही 'टाळलेले बरे' अशी. जसं काही रात्रीच्या दह्याबद्दल बोलतोय!

माझा थोरला भाऊ याच आजारानं गेला. 40 वर्षं विडी. शुगर कायम नॉर्मल, आणि ताण म्हणाल तर घराला आग लागली तरी हातातला चहा संपवून मगच उठेल असा माणूस. तुमच्या लेखाप्रमाणे त्याला हे व्हायलाच नको होतं. आणि मधुमेहाचं तर उलटंच आहे, मधुमेह असलेल्यांत पोटातल्या महाधमनीचा फुगवटा कमी आढळतो, हे मला दादा गेल्यावर रक्तवाहिन्यांच्या सर्जननी सांगितलं, मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. बाकी कारणं ते बोटांवर मोजून सांगत होते, वय 65 च्या पुढे, पुरुष, बीपी, घरात कुणाला असणं, पण सुरुवात विडी-सिगरेटपासूनच. धुरानं त्या नळीची भिंतच कमकुवत होते म्हणाले, आणि एकदा फुगायला लागली की ती आपणहून आत येत नाही, वाढत जाऊन फुटू शकते.

दादाच्या कंबरेत कळ आली तेव्हा आम्ही सगळे मुतखडा मुतखडा करत बसलो, वहिनीनं कुळथाचं कढण पण दिलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्येच संपला. नंतर कपाट आवरताना दोन वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला, प्रोस्टेटसाठी काढलेला, त्यात खाली बारीक अक्षरात महाधमनी 4.8 सेंटिमीटर रुंद असं लिहिलेलं. साधारण 2 असते हो ती! 3 च्या वर गेली की फुगवटा म्हणतात, आणि पुरुषांमध्ये साडेपाचला आली की ऑपरेशनचं बघतात. म्हणजे नुसतं लक्ष ठेवलं असतं तरी वेळ होता. ज्या दवाखान्यात तो रिपोर्ट दाखवला तिथं प्रोस्टेटपुरतं वाचून बाकी कागद परत पाकिटात. आम्हीही पाकीट कधी उघडलं नाही, तो दोष आमचा.

सख्ख्या भावाला झालं म्हणून मीही सोनोग्राफी करून घेतली. माझी 3.3 निघाली. काही दुखत नाही, खुपत नाही, आता दरवर्षी मोजायची. ब्रिटनमध्ये पुरुषांना 65 व्या वर्षी ही तपासणी सरकारच बोलावून करतं. हे एक वाक्य तुमच्या अख्ख्या पानात मावलं नाही, प्राणायामाचे फोटो मात्र तीन मावले. (प्राणायामाशी माझं भांडण नाही, मी रोज करतो.)

चौकटीत आइनस्टाइन 1955 साली याच आजारानं गेले असं दिलंत, ते बरोबर आहे. पण ते पाइप ओढायचे हे का नाही दिलं?

आणि याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर अख्खं पान पानमसाल्याच्या ब्रँडची 'वेलची'. विकत कोण घेतं आणि कशासाठी घेतं हे तुम्हालाही माहितीय, आम्हालाही.

जाता जाता, आरोग्याचं पान फिक्या गुलाबीवर पांढऱ्या अक्षरात छापायची आयडिया कुणाची? साठीच्या पुढचेच लोक ते पान वाचतात. शब्दकोडं मात्र ठळक काळ्यात असतं.

आपला,
27 वर्षांचा वर्गणीदार, सातारा