जुना संगणक लगेच मोडीत काढू नका

मा. संपादक,

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून 'आता नवा संगणकच घ्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अनेकांना नाहक खर्चात पाडणारा आहे.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा प्रोसेसरमधील तशी सोय लागते. 'विंडोज' आणि 'आर' ही बटणे एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' (tpm.msc) टाइप केले की ते आहे का, हे कळते. 'सापडले नाही' असे दिसले तरी थांबा. पुष्कळ मदरबोर्डवर ते बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, नुसते बंद असते, इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने. पण बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का, ते पाहाच. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बदलानंतर संगणक ती मागू शकतो, आणि ती नसेल तर डेटा गेलाच समजा.

इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर आडवाटेने ११ टाकण्याच्या फंदात पडू नये. पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. त्यापेक्षा विंडोज १०वरच राहून विंडोज अपडेटमधून विस्तारित सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. विंडोज ११ची ४ जीबी रॅम ही किमान अट कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) हवीच. ११ पटले नाही तर १० दिवसांत सेटिंग्जमधून मागे फिरता येते. तोवर 'डिस्क क्लीनअप'ने जुन्या विंडोजच्या फाइल्स पुसू नका.

– एक संगणक तंत्रज्ञ, पुणे