आमच्या ड्रॉइंगपासून आमच्या स्टोअरपर्यंत : मॅडमना आभाराचे खुले पत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत स्क्रू कन्व्हेयर आणि बकेट एलिव्हेटर ही माल वाहणारी यंत्रे बनवणाऱ्या आमच्या छोट्या कारखान्याला परवडेल, सॉलिडवर्क्स या संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या (कॅड) सॉफ्टवेअरमधल्या आमच्या ड्रॉइंगशी जुळेल आणि स्टोअरपासून जॉबवर्कपर्यंतचा, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामापर्यंतचा, माल सांभाळेल असे सॉफ्टवेअर निवडताना आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते आपल्याला घरी येऊन सांगता आले असते. परंतु हाच प्रश्न समोर असलेले अनेक लघुउद्योजक मला भेटतात आणि आपण दाखवलेली निवडीची रीत त्यांच्याही उपयोगी पडावी, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

उत्पादन नियोजनात आपली सारी कारकीर्द गेली, तरीही आपण पहिल्या भेटीत एकाही सॉफ्टवेअरचे नाव घेतले नाही. आपण आधी आमच्या स्टोअरकीपरशी बोललात, मग डिझाइन विभागात बसून आम्ही नियमितपणे बनवतो त्या एका स्क्रू कन्व्हेयरची असेंब्ली उघडायला लावलीत आणि तिचे बिल ऑफ मटेरियल (बीओएम), म्हणजे तिला लागणाऱ्या भागांची आणि मालाची यादी, एक्सेलमध्ये काढून मागितलेत. सॉलिडवर्क्समध्ये हा तक्ता तीन प्रकारे निघतो : फक्त वरच्या पातळीचा, फक्त सुट्या भागांचा आणि पातळीनुसार उतरत जाणारा. नियोजनाला तिसराच लागतो, कारण ट्रफ (स्क्रू ज्यात फिरतो ती पन्हळ), स्क्रू शाफ्ट आणि ड्राइव्ह या उपजोडण्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी तयार होतात आणि प्रत्येकीला तिचा माल तिच्या वेळेवर मिळावा लागतो. विक्रेत्याचा नमुना डेटा पाहायचाच नाही, आपली हीच फाइल त्याच्यापुढे ठेवायची आणि ती त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून खरेदीच्या इंडेंटपर्यंत (मागणीपत्रापर्यंत) व शॉपमधल्या कामाच्या जॉबकार्डपर्यंत कशी पोहोचते ते शेजारी बसून पाहायचे, असे आपण सांगितलेत. ‘कॅडशी जोडलेले’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असतात. त्यांचा खरा अर्थ या एका चाचणीत उघड होतो.

आपण सर्वांत जास्त वेळ दिलात तो वजनावर, आणि मला त्याचे मोल फार वाटते. कॅडला भाग नगात दिसतो. प्लेट मात्र किलोवर विकत येते. १० मिलिमीटर जाडीची, २५०० बाय १२५० मिलिमीटरची माइल्ड स्टीलची प्लेट सुमारे २४५ किलो भरते आणि तिच्यातून कापलेल्या ट्रफच्या पाट्यांचे वजन बीओएममध्ये किलोतच यावे लागते, तेही कटिंगमध्ये वाया जाणारा माल धरून. सॉलिडवर्क्स हे वजन स्वतः काढते, पण भागाला मटेरियल नेमून दिलेले नसेल तर ते मूळ ठरवलेली, म्हणजे पाण्याइतकी, घनता धरते. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट असल्यामुळे असा भाग खऱ्या वजनाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास दिसतो. कोणत्याही सॉफ्टवेअरचा पुढचा सगळा हिशेब या एका रकान्यावर उभा राहतो. म्हणूनच कॅडमध्ये पार्ट नंबर, वर्णन, मटेरियल, वजन आणि रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित प्रत) एवढी माहिती भरल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर द्यायचे नाही, हा नियम आपण खरेदीच्याही आधी घालून दिलात.

कोडच्या बाबतीतही आपला आग्रह असाच स्पष्ट होता. एकाच मापाचा षटकोनी बोल्ट डिझायनरच्या फाइलमध्ये एका नावाने, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्या नावाने आणि पुरवठादाराच्या बिलावर तिसऱ्याच नावाने असेल, तर शिल्लक असलेला मालही संगणकाला नसल्यासारखा दिसतो. आयटम कोड साधा क्रमांक ठेवावा, माप, ग्रेड आणि मानक यांना स्वतंत्र रकाने द्यावेत, आणि कोड एकाच माणसाने काढावेत, असे आपण सुचवलेत. कोडमध्येच सगळी माहिती कोंबण्याची पद्धत आकर्षक असते, पण एखादे नवे माप आले की ती मोडते, हे आपले मत आता माझेही झाले आहे.

किमतीकडे पाहण्याची आपली दृष्टी मला विशेष भावली. प्रत्येक वापरकर्त्यामागे दरमहा पैसे घेणारे सॉफ्टवेअर मालक, डिझायनर आणि खरेदी विभाग एवढ्यांपुरते स्वस्त वाटते. परंतु स्टोअरकीपर, तपासणी करणारा, वेल्डिंग शॉपचा सुपरवायझर आणि डिस्पॅचवाला यांनी स्वतः नोंदी केल्या तरच साठा खरा राहतो, आणि नेमक्या याच माणसांचे लायसन्स काटकसरीत कापले जाते. आपण आम्हाला टॅली, ओडू आणि ईआरपीनेक्स्ट यांची तुलना याच अंगाने करायला लावलीत. टॅलीत बीओएम आणि मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) आहे, जमाखर्चासाठी ती सर्वांच्या हाताला बसलेली आहे, पण बहुपातळी जोडणीचे शॉपफ्लोअरवरचे नियोजन हा तिचा प्रांत नाही. ओडूचा उत्पादनाचा भाग चांगला आहे. मात्र रिव्हिजन आणि बदल-आदेश सांभाळणारा पीएलएम विभाग फक्त त्याच्या सशुल्क आवृत्तीत मिळतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे आणि त्याला माणशी लायसन्स नाही. तरी ते फुकट पडते असे समजू नका, सर्व्हर, बॅकअप, बसवून देणाऱ्याची फी आणि आपल्या माणसांचे शिक्षण यांचा खर्च पहिल्याच कागदावर लिहा, हे आपण बजावलेत.

मी तोवर कॅडमध्ये एक बटण दाबताच बीओएम थेट ईआरपीत, म्हणजे साठा, खरेदी आणि उत्पादन एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पोहोचवणाऱ्या जोडणीकडे ओढला गेलो होतो. आपण तिला विरोध केला नाहीत, फक्त तिचा क्रम बदललात. कॅडची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि अशी जोडणी प्रत्येक वेळी कोणीतरी नव्याने जुळवून द्यावी लागते. शिवाय मॉडेलमध्ये जे काढलेले नसते ते तिला कळत नाही. रंग, वेल्डिंग रॉड, ग्रीस आणि पॅकिंगचे लाकूड कोणी मॉडेलमध्ये काढत नाही, पण त्यांच्याशिवाय कन्व्हेयर गाडीवर चढत नाही. म्हणून कॅडचा तक्ता एक्सेलमध्ये काढावा, नियोजन करणाऱ्याने त्यात हा माल आणि कामाचे टप्पे भरावेत, आणि मगच ती फाइल ईआरपीनेक्स्टच्या डेटा इम्पोर्टमधून आत घ्यावी, असा मार्ग आपण आखून दिलात. डिझाइनचा बीओएम आणि उत्पादनाचा बीओएम यांच्यामध्ये एक जाणता माणूस बसलेला असावा, ही गोष्ट मी आज कोणालाही ठामपणे सांगतो. दुसऱ्या प्रोग्रामला ईआरपीनेक्स्टशी माहितीची देवाणघेवाण करू देणारा दुवा (एपीआय) उपलब्ध आहे, त्यामुळे घडी बसल्यावर हेच काम छोट्या प्रोग्रामकडे देता येईल.

रिव्हिजनची चाचणी हा आपल्या मदतीचा गाभा होता, असे मला वाटते. काम सुरू असताना ग्राहकाने शाफ्टचा व्यास बदलला तर काय होते, हा प्रश्न आपण प्रत्येक विक्रेत्याला विचारायला लावलात. ईआरपीनेक्स्टमध्ये सबमिट केलेल्या बीओएममधला माल थेट बदलता येत नाही. नवी प्रत तयार करावी लागते, आणि वरच्या सगळ्या जोडण्यांमध्ये जुन्याच्या जागी नवा बीओएम बसवण्याचे साधन त्यात दिलेले आहे. आधी सोडलेली वर्क ऑर्डर (उत्पादनाचा आदेश) मात्र जुन्या यादीवरच चालते. हा दोष नाही, तो निर्णयासाठी ठेवलेला थांबा आहे, हे आपण समजावलेत : कापलेला शाफ्ट वापरायचा, दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा, हे माणसानेच ठरवायचे असते.

जॉबवर्कची आठवणही आपणच दिलीत. आमचे गॅल्व्हनायझिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेर होते. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असे धरले जाते. म्हणजे बाहेर गेलेला माल आपल्याच साठ्यात, पण वेगळ्या ठिकाणी, चलनाच्या तारखेसह दिसायला हवा, आणि निवडीच्या यादीत ही अट आपण वरच्या ओळीत लिहिलीत.

आम्ही अखेर ईआरपीनेक्स्ट घेतले. साठा, खरेदी आणि उत्पादन त्यावर चालते. जमाखर्च सध्या टॅलीतच आहे आणि तो १ एप्रिललाच, मार्चअखेरची मोजदाद करून हलवावा, हा आपला सल्ला आम्ही पाळणार आहोत. आज नवी ऑर्डर आली की हातातला साठा आणि वाटेवरची खरेदी वजा होऊन उरलेली गरज दिसते, आणि गिअरबॉक्ससारखा यायला वेळ घेणारा माल आधी मागवला जातो. आमचे स्टोअरकीपर डिझायनरला फोन न करता योग्य रिव्हिजनचे ड्रॉइंग काढून देतात, याचा मला फार आनंद आहे. या सगळ्यासाठी आपण मानधन घेतले नाहीत. आपल्या वेळेची किंमत मी जाणतो, म्हणून हे ऋण अधिकच वाटते.

एक विनंती आहे. आपण करून दिलेला आयटम कोडचा तक्ता आणि विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांची यादी वसाहतीतले काही उद्योजक माझ्याकडे मागत आहेत. आपली परवानगी असेल तर दोन्ही कागद मी त्यांना देईन. आपण कळवावे.

आपला कृतज्ञ,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक