वैशूस, भाऊबीजेनंतर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
भाऊबीजेनंतरचा सोमवार

चि. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्मी सुटल्यावर मी आणि बंड्या फलाटावर बराच वेळ उभे होतो. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा झाला तरी तुझा खोकला माझ्या कानात होता. खिडकीतनं तू हात हलवला नाहीस. त्यात तुझी चूक नाही.

पत्र लिहायला बसलोय ते जेवणाच्या वेळी झालं त्याबद्दल. खोकल्याचं काढायचं नाही असं तुझ्या आईला सांगूनच वही उघडलीय.

आक्काताई म्हणाली, "मेलेल्या गोऱ्यांची कापडं चाळत बसायला पोरीला एवढं शिकवलंस व्हय रे?" आणि तू माझ्याकडं बघितलंस. मी काहीतरी बोलीन म्हणून बघितलंस. मी बोललो ते असं, की कापड कोरं असावं, एवढंच आपलं म्हणणं. तू ताटावरनं उठलीस. बासुंदी तशीच राहिली. ती आई दुसऱ्या दिवशीही कुणाला देईना.

वैशू, मी खोटं बोललो. बेचाळीस वर्षं दुकान चालवलं ते काय कोऱ्या कापडावर? दिवाळी, लग्नसराई, शाळेचे गणवेश एवढं सोडलं तर बाकीच्या दिवसांत माझ्या टेबलावर जुनीच कापडं असायची. शर्टाची कॉलर झिजली की उसवायची, पलटायची, परत बसवायची. थोरल्या भावाची पँट धाकट्याच्या मापाची करायची. बापाच्या कोटातनं पोराचं जाकीट काढायचं. तुझ्या पहिलीच्या पुस्तकांचे पैसे असल्याच कामातनं आले. आक्काताईला हे माहीत आहे, तिच्या नवऱ्याच्या किती कॉलरी मी पलटल्या! पण तिच्यापुढं मला तुझ्या कामाची लाज वाटली, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटते. मला माफ कर.

पाडव्याच्या दुपारी तू मला मोबाईलवर फोटो दाखवत होतीस, ती दुपार मी विसरणार नाही. कच्छमधल्या गांधीधामच्या त्या शेडमध्ये परदेशातनं आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फुटतात, बायका टेबलांपुढं उभ्या राहून शर्ट एकीकडं, पँट एकीकडं, चिंधी एकीकडं फेकत असतात, आणि त्या ढिगातनं तू तुझ्या कंपनीसाठी खरा जुना असा एखादाच नग उचलतेस, बाकीचं जातं आफ्रिकेला नाहीतर पानिपतला, पिंजून परत सूत काढायला. कशावरनं उचलतेस, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "अण्णा, आधी उलटं करायचं. खरं काय ते आतल्या बाजूला असतं." हे वाक्य माझं आहे. तू आठवीत असताना मी तुला सांगितलेलं. तुला आठवत नसेल.

मग तू एकेक सांगत गेलीस. लिव्हाईस जीनच्या लाल पट्टीवर इंग्रजी ई मोठ्या लिपीतली असली तर पँट १९७१च्या आधीची. धुण्याच्या सूचनांची पट्टी अमेरिकेत १९७२पासून सक्तीची झाली, म्हणून ती नसली की नग त्याआधीचा असेल असं वाटून हात थांबतो, पण कुणी कापूनही टाकलेली असते, तेव्हा तिची टीप राहिलीय का ते बघायचं. चेन धातूची की नायलॉनची. पायाला साखळी टाका आहे का. साखळी टाक्यानं दुमड पिळल्यासारखी होते आणि धुऊन धुऊन त्या पिळावर दोरखंडासारखी नक्षी उठते, ती खोटी पाडणं अवघड. मला हे टाके माहीत होते. त्यांच्यावरनं साल सांगता येतं हे माहीत नव्हतं.

त्या रेनो गावच्या जेकब डेव्हिसची गोष्ट मी दुकानात तिघांना तरी सांगितली. तो शिंपी होता, आपल्यासारखाच गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकणारा. खिसा कोपऱ्यात फाटतो ही आमचीही जन्माची तक्रार. आम्ही तिथं आडवा टाका भरतो, त्यानं तांब्याची रिव्हेट ठोकली. पेटंटला एकट्याकडं पैसे नव्हते म्हणून कापडाच्या व्यापाऱ्याला, त्या लिव्हाय स्ट्रॉसला पत्र लिहिलं, आणि १८७३ साली पेटंट दोघांनी मिळून घेतलं. नाव जगभर व्यापाऱ्याचं झालं. शिंप्याचं नाव मला माझ्या पोरीकडनं कळलं.

आणि तो इंग्लंडचा महायुद्धाच्या काळातला कोट, आत सीसी एकेचाळीसचा, म्हणजे तिथल्या सरकारी काटकसरीच्या कपड्यांचा शिक्का असलेला. १९४१ साली तिथं कापडाचं रेशन लागलं, आणि पुढं पँटच्या पायाची वरची दुमडसुद्धा सरकारनं बंद केली, कापड वाचावं म्हणून. एवढी टंचाई असताना कोट शिवणाऱ्यानं काय केलं असेल हे मी त्या फोटोत शोधत होतो. तू बोट ठेवून दाखवलंस, "माया बघा अण्णा, शिवणीत अजून केवढी आहे." जेव्हाचे लोक एक कोट दहा वर्षं घालायचे, तेव्हाचा शिंपी अंग सुटेल, खंगेल याचा हिशेब धरून माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडायचा. आता कारखान्यातनं येतं त्याला काठावर ओव्हरलॉक असतो आणि पलीकडं काहीच नसतं. उसवायला जावं तर कापडच हाताशी येत नाही.

हे सांगताना तू मधे दोनदा थांबलीस. खोकला आला म्हणून. मी पाणी आणलं. तू म्हणालीस, धूळ आहे हो, बाकी काही नाही.

ठीक आहे. धूळ आहे. मी ते काढणार नव्हतो.

मास्तरांचं तुला किती सांगितलंय कुणास ठाऊक. मी चौदा-पंधरा वर्षांचा, काजं करायला त्यांच्याकडं बसलो तेव्हा ते म्हातारे होते. ऐन उमेदीत त्यांनी जयप्रभा स्टुडिओसाठी कपडे शिवले होते, भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांसाठी. अंगरखे, बाराबंद्या, मावळ्यांचे चोळणे. ते सांगायचे, राजाचा अंगरखा शिवणं सोपं, मावळ्याचा अवघड. कारण मावळ्याचा कपडा कोरा दिसून चालत नाही. ते नवं मांजरपाट चहाच्या पाण्यात उकळायचे, कोपरावर आणि गुडघ्यावर विटेनं घासायचे, मग अंगणात मातीत तुडवून दोन दिवस उन्हात टाकायचे. तरी पडद्यावर एखादा अंगरखा खोटा दिसला की त्यांना झोप यायची नाही. म्हणायचे, माणूस ज्या बाजूला डोकं टेकतो, ज्या हातानं विळा धरतो, तिथंच कापड जातं. आपण घासताना हे ध्यानात न घेता सगळीकडं सारखं घासतो. तू म्हणालीस ना, की नकली जुन्या पँटी तू गुडघ्याच्या रेघांवरनं पकडतेस, दोन्ही पाय सारखे विटलेले असले की बाजूला टाकतेस? ऐकता ऐकता मला मास्तरच समोर बसल्यासारखे वाटले. ते असते तर तुला त्यांनी माझ्या आधी शाबासकी दिली असती, आणि आक्काताईला गप्प केलं असतं. मला ते जमलं नाही.

आता आप्पांचं लिहितो. हे तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तू जन्मलीस तेव्हा ते नव्हते, आणि आईला घरात तो विषय नको असतो.

आप्पा मुंबईला गिरणीत होते हे तुला माहीत आहे. खातं कुठलं ते माहीत नसेल. ब्लोरूम. एकशे सत्तर किलोची कापसाची गाठ जिथं फोडतात ते खातं. मी लहानपणी एकदा मे महिन्यात त्यांच्या खोलीवर गेलो होतो, करी रोडला. पाळी संपवून आले की भुवया पांढऱ्या असायच्या. मी हसायचो. रविवारी सुट्टी, रविवारी ते बरे असायचे, मला राणीच्या बागेत न्यायचे. सोमवारी रात्री आले की छातीवर कुणी बसलंय म्हणायचे. मंगळवारी कमी, शनिवारपर्यंत विसरायचे. आणि परत सोमवार. खोलीतले सगळेच म्हणायचे, सोमवारचं असतंच. पुढं पुढं सोमवार आणि शनिवार सारखेच झाले.

८२ सालच्या जानेवारीत संप झाला, आणि त्या वर्षाच्या शिमग्याला ते वळकटी घेऊन गारगोटीला आले. परत गेले नाहीत. संपानं माणसं उद्ध्वस्त झाली असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे. पण मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि मनात म्हणालो होतो, बरं झालं, आता खोकला जाईल. नाही गेला. नंतर इथल्या डॉक्टरांनी त्याला बिसिनोसिस असं नाव सांगितलं, कापसाच्या धुळीनं होतो म्हणाले, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरते हीच त्याची सुरुवातीची खूण. इतकी वर्षं ती खूण आमच्या डोळ्यांपुढं होती. आठ वर्षं त्यांनी उशाला टेकून काढली. आडवे झोपता यायचं नाही.

तुझी धूळ वेगळी आहे, मला कळतं. तू काही गाठी पिंजत नाहीस. तुला आप्पांचं झालंय असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण पत्र्याची शेड, गठ्ठा फोडल्यावर उडणारा तंतू, कुठल्या कुठल्या घरांतली बुरशी, डांबरगोळ्यांचा वास, हे सगळं तूच सांगितलंस, आणि सांगताना खोकलीस.

आणि पुराच्या वर्षीपासनं तुझी छाती नाजूक आहे, हे विसरू नकोस. २०१९च्या ऑगस्टात व्हीनस कॉर्नरच्या दुकानात पाणी शिरलं, गिऱ्हाइकांची शिवायला आलेली कापडं पाच दिवस पाण्यात. आपण शटर उघडलं तेव्हा भिंतीवर हिरवं-काळं चढलेलं. मी खुर्चीत बसून राहिलो. तू ओढणी कमरेला बांधलीस आणि एकेक कापड बाहेर काढलंस, धुतलंस, कुठलं कुणाचं ते माझ्या पावतीपुस्तकाच्या भिजलेल्या पानांवरनं जुळवलंस. एका बाईची आईची पैठणी होती, काठ काढून ड्रेसला लावायला दिलेली. तू ती न पिळता चादरीत गुंडाळून सुकवलीस. ती बाई रडली. मला वाटतं तुझं आजचं काम त्या दिवशीच सुरू झालं. खोकलाही तेव्हाच सुरू झाला, तीन महिने गेला नव्हता. तेव्हा मी तुला नाकाला फडकं बांध असं एकदाही म्हणालो नाही. मला दुकानाचंच पडलं होतं.

म्हणून आता सांगतो, ऐक. गठ्ठा फुटताना तिथं उभी राहू नकोस, धूळ बसल्यावर जा. कापड झटकून बघायची तुझी सवय आहे, माझीच आहे ती, सोड. बुरशीचा वास आला की नग कितीही मोलाचा असो, तोंडाजवळ नेऊन हुंगू नकोस. कपडे बदलल्याशिवाय जेवायला बसू नकोस. कापडी मास्क चालत नाही. मी करोनात दोन हजार मास्क शिवले, मला पॉपलिनचा भरवसा वाटायचा, पण औषधवाल्यानं सांगितलं की बारीक तंतूला एन पंचाण्णवच लागतो आणि तो कडेनं घट्ट बसायला हवा. तुझ्याबरोबरच्या बायकांनाही दे. त्या तर रोज आठ तास तिथंच असतात, त्यांना कोण सांगतं? कंपनीला लेखी मागणी कर. पंखे बाहेर वारा फेकणारे हवेत, आत फेकणारे नकोत...

परत सुरू झालो. आईनं आत्ता वाचून बघितलं आणि म्हणाली, पोरगी एकोणतीस वर्षांची आहे, हे काय शाळेचं पत्रक आहे का. राहू दे. खोडत नाही, पण रागावू नकोस.

आईचं एक सांगायचं राहिलं. तू माझ्या लग्नातली बेलबॉटम शोधत होतीस, ती बोहारणीला गेली. आईनं आज कबूल केलं. त्याच्यावर एक झाकणाचं पातेलं आलं, दूध तापवतो ते. ती म्हणते, आधी कळलं असतं की जुन्याला असे दिवस येतील तर दिली नसती. आजीच्या लुगड्यांची वाकळ मात्र आहे. तू म्हणालीस, ती विकायची नाही, कुणी कितीही दिले तरी. आईला ते फार आवडलं, शेजारीपाजारी सांगून झालंय.

पार्सल लावलंय. त्यात मास्कचे दोन डबे आहेत, चिवडा आहे, आणि माझी जुनी उसवणी, पितळी मुठीची, मास्तरांची. तुझ्याकडं ब्लेड बघितलं परवा. ब्लेडनं कापड जातं.

गांधीधामला चांगला छातीचा डॉक्टर नसेल तर भुजला जा. एक दिवस सुट्टी टाक. काय सांगितलं ते मला फोन करून सांग, आईला नको. आक्काताईशी मी बोललोय. नीट बोललोय.

तुझे
अण्णा

ता. क. दिवाळीत तू सात दिवस इथं होतीस. पहिले दोन दिवस खोकत होतीस, मधे तीन दिवस मी ऐकला नाही, मग स्टेशनवर परत. कदाचित रात्रीच्या गारठ्यानं असेल. कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी जास्त येतो का, की रोज सारखाच, तेवढं बघून कळव.