फोन सांडला (हरवला) नाही, चोरीला गेला: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गोव्यातल्या या संगीत महोत्सवाला परवानगी मिळाली तेव्हा, मुक्कामाच्या तळावर चोवीस तास पहारा राहील, असे तुम्ही पत्रकारांना सांगितले होते. तिकिटामागेही तेच छापले होते. त्या भरवशावर मी आणि माझी मामेबहीण तीन रात्रींचे पैसे भरून तंबूत राहायला गेलो. दुसऱ्या रात्री परत आलो तर तंबूची मागची बाजू ब्लेडने हातभर फाडलेली होती, माझी पिशवी उलटीपालटी केलेली होती आणि मळक्या कपड्यांत गुंडाळून तळाशी ठेवलेला फोन गेला होता. बहिणीचे पाकीटही गेले होते. आज अकरा दिवस झाले. तुमच्या कार्यालयाला पाठवलेल्या दोन्ही अर्जांना उत्तर आलेले नाही.

'फोन तंबूत ठेवलाच कशाला?' हे मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे, म्हणून तुम्हालाही सांगते. रंगमंचासमोरच्या गर्दीत खिशातले फोन जातात, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून रोजचा फोन कंबरेच्या पट्ट्यात बांधला आणि जुना तंबूत ठेवला. लॉकर दुपारी बारालाच संपले होते. माझ्या अंदाजाने चारशे तंबूंमागे साठ लॉकर असतील. चेनला कुलूप लावायचे तर त्याने आत काहीतरी मोलाचे आहे एवढेच बाहेर कळते. कापडाला कुलूप लागत नाही, ते फाटते. आम्ही जे करता येईल ते सगळे केले होते. उरले होते ते पहारेकऱ्याचे काम, आणि त्या रांगेत आम्हाला दोन रात्रींत एकही पहारेकरी दिसला नाही.

उघड्यावरचे संगीत रात्री दहाला बंद होते, हे चोरांनाही माहीत आहे. सात ते दहा तळ ओस असतो. त्याच तीन तासांत रंगमंचापाशी आवाज मोजायला यंत्र घेऊन माणसे उभी होती. 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम पाळला जातो याचा मला आनंदच आहे. पण आवाजावर लक्ष ठेवायला माणूस मिळतो, तर चारशे तंबूंच्या रांगांतून बॅटरी घेऊन फिरायला दोन माणसे का मिळत नाहीत?

रात्री साडेअकराला आम्ही पोलीस ठाण्यात पोचलो. आमच्या पुढे चौदा जण होते, सगळे त्याच तळावरचे. तीन तासांनी आमची पाळी आली, तेव्हा टेबलापलीकडून सांगण्यात आले, "बाय, चोरलो म्हूण बरय नाका. सांडलो म्हूण बरय. दाखलो रोखडोच मेळटलो." म्हणजे, बाई, चोरला असे लिहू नका, हरवला असे लिहा, दाखला लगेच मिळेल. बहिणीच्या पाकिटात वाहनाचा परवाना होता, तिने नाइलाजाने तसे लिहून दिले. मी दिले नाही. माझा फोन सांडला नव्हता. कोणीतरी आमचा तंबू फाडून तो नेला होता. त्या चौदांपैकी निदान नऊ जण 'हरवले' असे लिहून दाखला घेऊन गेले, हे मी डोळ्यांनी पाहिले. मंत्री महोदय, तुमच्यापुढे येणाऱ्या कागदावर त्या नऊ चोऱ्या नसणार. तीन दिवसांत चाळीस जणांचे फोन गेले असे धरले आणि फोनमागे पंधरा हजार धरले, तर सहा लाखांचा माल गेला, आणि सरकारदरबारी चोरी झालेलीच नाही.

कायदा माझ्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेच्या 305व्या कलमात माणसांच्या राहण्याच्या जागेतल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे, आणि तिथे इमारतीच्या शेजारी 'तंबू' हा शब्द लिहिलेला आहे. 1860च्या जुन्या दंडसंहितेतही तो होता. इंग्रजांच्या कायद्याला तंबू हे घर वाटले. आमच्या ठाण्याला ते का वाटू नये? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की प्राथमिकी (एफआयआर) नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 साली सांगितले आहे. आता तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173व्या कलमाने हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते, आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. हे मला, एका शिक्षिकेला, दोन संध्याकाळी वाचून कळले.

त्या फोनची किंमत आज दोन हजारही येणार नाही. पण त्यात माझ्या आजोबांच्या अकरा आरत्या होत्या. ते घुमट हे मातीचे वाद्य वाजवत. शेवटच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्यांना धाप लागत होती, तरी शामेळ या ढोलाच्या साथीवर त्यांनी आमच्या वाड्यावरच्या जुन्या चाली एकेक करून म्हटल्या आणि मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. मध्येच त्यांचा खोकला आहे, आई पाणी आणून देते तो आवाज आहे. दिवाळीआधी ते गेले. दुसरीकडे प्रत ठेवायची राहून गेली, ते मला आयुष्यभर सलणार आहे. महोत्सवात एका संगीतकाराला त्या ऐकवायच्या होत्या, म्हणून तो फोन सोबत नेला होता. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य केले, तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्राचे ते पान जपून ठेवले होते. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तो फोन बंद करता येईल, असे ठाण्यात मला सांगितले. बंद झालेल्या फोनातून आजोबांचा आवाज कोण काढून देणार? त्यासाठी चोर शोधावा लागतो. आणि चोरीच झाली नसेल, तर चोर शोधणार कोण?

2007 साली कांदोळीच्या किनाऱ्यावर पहिला मोठा नृत्यसंगीत महोत्सव भरला, तेव्हापासून आम्ही हेच ऐकतो आहोत: पर्यटन वाढेल, पैसा येईल. मोपाचा विमानतळ झाला, वर्षाला कोटीच्या घरात माणसे येतात. येणाऱ्याला रस्ता, वीज, पाणी आमच्या वाट्यातले मिळते. त्याचे सामान गेले की मात्र त्याला 'सांडलो' लिहायला लावून बसस्थानकाची वाट दाखवतात. आमचीही गत वेगळी नाही. वीजखांबाचा अर्ज असो की जमिनीच्या उताऱ्यातली चूक, जे द्यायचे नाही ते इथे 'नोंदच नाही' म्हणून संपवतात.

तळाला एकच फाटक ठेवा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर तंबूचा क्रमांक असू द्या आणि तो मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा. लॉकर तंबूंइतके ठेवा, त्याशिवाय परवानगी देऊ नका. महोत्सवाच्या जागीच प्राथमिकी लिहून घेणारे टेबल लावा. आणि किती चोऱ्या नोंदल्या ते महोत्सव संपल्यावर जाहीर करा.

फोनचा जुना खोका माळ्यावर सापडला आहे, त्यावरचे फोनच्या ओळखक्रमांकाचे (आयएमईआय) पंधरा आकडे मी अर्जात उतरवले आहेत. सोमवारी सकाळी दहाला मी त्याच ठाण्यात पुन्हा जाणार आहे. अर्जात 'चोरी' हा शब्द आहे आणि तो मी खोडणार नाही.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक मतदार