‘चालकाचा ताबा सुटला’ या ओळीबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर टँकर उलटल्याची चार ओळींची बातमी होती. ‘वळणावर चालकाचा ताबा सुटल्याने’ टँकर रस्त्याकडेला उलटला, वाहतूक खोळंबली, चालक किरकोळ जखमी. बातमी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण मी नऊ वर्षं कांद्याचा ट्रक चालवला आणि त्यानंतर बावीस वर्षं मनमाडजवळच्या पाणेवाडीच्या तेल डेपोतून पेट्रोल-डिझेलचा टँकर. ताबा सुटणं मी दोन्हीकडे पाहिलंय, आणि ते दोन वेगळे प्रकार आहेत. त्या एका ओळीत दोन्ही कोंबले जातात म्हणून लिहितोय.

ट्रकवरचा माणूस टँकरकडे का येतो, ते आधी सांगतो. लासलगावहून कांदा भरून आम्ही कोलकात्यापर्यंत जायचो. ताडपत्री, रस्सा, पावसात पुन्हा ताडपत्री. माल भिजला की भाड्यात काट. परतीचा माल मिळेपर्यंत तीन-तीन दिवस गाडीखाली झोपायचं. थोरलीच्या बारशाला मी रायपूरजवळ पाटा तुटून उभा होतो. टँकरवाले मात्र सकाळी पाणेवाडीत भरायचे, धुळ्याला नाहीतर जळगावला ओतायचे आणि रात्री घरी जेवायचे. हमाल नाही, दलाल नाही, ओव्हरलोड नाही, कारण टाकीत ठरलंय तेवढंच बसतं. भाडं जाऊन-येऊन किलोमीटरवर, त्यामुळे रिकामं परतायचं दुःख नाही. मनमाडात मुलगी देताना टँकरवाल्याला ट्रकवाल्यापेक्षा वरचा भाव होता, हेही लिहायला हरकत नाही.

मी मात्र थेट पेट्रोलवर आलो नाही. मधे आठ महिने संगमनेरच्या बाजूला दुधाचा टँकर चालवला, आणि खरं शिक्षण तिथे झालं. दोन शीतकरण केंद्रांवरून दूध घ्यायचं. पहिल्या केंद्रावरून निघताना टाकी अर्धीच भरलेली. पहिल्याच दिवशी फाटकापाशी गाडी थांबवली, ब्रेकवरचा पाय सैल केला, आणि मागून असा धक्का आला की गाडी हातभर पुढे सरकली. कोण येऊन धडकलं म्हणून मी आरशात पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. दूध होतं. गाडी थांबल्याचं त्याला उशिरा कळलं. कांद्याची गोणी पहिल्या दहा किलोमीटरात बसते, मग ती गाडीचाच भाग होते. पातळ माल वळणावरही तसाच वागतो. तुम्ही डावीकडे वळलात की तो उजव्या बाजूला चढतो, आणि तुम्ही स्टिअरिंग सरळ केलं तरी तो अजून तिकडेच असतो. ट्रकवाला अशा वेळी सवयीने स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरवतो. टँकर आडवा होतो तो तेव्हा.

पेट्रोलच्या टँकरला आत कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा भरलेला तरी असतो नाहीतर रिकामा, त्यामुळे इतकं हिंदकळत नाही. तिथला घोळ वेगळा. २००० सालच्या पावसाळ्यात बारा हजार लिटरची गाडी, तीन-तीन हजारांचे चार कप्पे, सगळं डिझेल. निम्मं चाळीसगावला ओतायचं, निम्मं औट्रम घाट चढून कन्नडला. शेजारी उस्ताद, म्हणजे मला शिकवणारा जुना चालक, झोपलेला. चाळीसगावच्या पंपावर मी पुढचे दोन कप्पे रिकामे केले. कुठले आधी रिकामे करायचे याचा विचार करायचा असतो हेच माहीत नव्हतं. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणाला स्टिअरिंग हाताला हलकं लागायला लागलं. पुढची चाकं रस्त्याला टेकलीत की नाही कळेना. ओल्या रस्त्यावर मी वळवतोय आणि गाडी कठड्याकडे सरळ चाललीय. उस्ताद जागा झाला. ओरडला नाही. “लाव बाजूला,” म्हणाला. उतरून त्याने पुढच्या टायरला लाथ मारली.

“पुढच्या कप्प्यात कोण बसलंय?”

“कुणी नाही.”

“मग गाडी वळवणार कोण?”

मागच्या बाजूला पाच टन, पुढे हवा आणि वर चढण. गाडी पहिल्या गिअरात, माणूस चालेल तशी वर नेली. तेव्हापासून आधी मागचे कप्पे. हे मला कोणत्याही कागदावर वाचायला मिळालेलं नाही.

कायद्याला काय लागतं? मालवाहू गाडीचं लायसन, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे धोकादायक मालाचा तीन दिवसांचा कोर्स, आणि लायसनवर त्याची नोंद. ही नोंद पूर्वी वर्षभर चालायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं चालते आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी असंही त्याच नियमात आहे. (गळती किंवा आग लागली तर काय करायचं ते सांगणारं माझ्या केबिनमधलं कार्ड पूर्ण इंग्रजीत होतं. मी ते दहावीतल्या मुलीकडून वाचून घेतलं होतं.)

माझा पुतण्या दहाचाकी ट्रक चालवतो. त्याने मागच्या वर्षी हा कोर्स केला. पहिला दिवस फॉर्म आणि फोटोत गेला, दुसऱ्या दिवशी आग विझवण्याचा व्हिडिओ, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. त्याची वही मी चाळली. त्यात चुकीचं काही नव्हतं. टँकरच्या पाटीवरचे नंबर होते, पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२, गॅसचा १०७५. ओतण्याआधी अर्थिंगची तार जोडायची, हेही होतं. रिकामा टँकर भरलेल्याइतकाच, कधी जास्तच घातक असतो कारण आत वाफ राहते, हे मात्र नव्हतं. आणि तीन दिवसांत वर्गातल्या एकानेही टँकरला हात लावला नाही. घरी आल्यावर तो मला विचारतो, “काका, माल हलतो म्हणजे किती हलतो?”

टाकी कशी असावी हे आपल्या नागपुरात मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था, ठरवते. टाकीचं डिझाइन मंजूर व्हावं लागतं, टँकरला परवाना लागतो, वैध मापनवाले कप्पा न कप्पा मोजून देतात. हे सगळं हवंच. पण लोखंडाची एवढी तपासणी आणि चालवणाऱ्याची तीन दिवसांत बोळवण, हे गणित मला जुळत नाही.

नव्या माणसाला रस्त्याआधी पगारातली कपात मारते, तेही सांगतो. पेट्रोल एका अंशाला हजार लिटरमागे एक-सव्वा लिटर आकसतं. मे महिन्यात दुपारी भरून पहाटे ओतलं आणि मधे माल तीन अंश जरी निवला, तरी बारा हजारांत चाळीस लिटर कमी दिसतं. सुरुवातीला माझ्या पगारातून दोन महिने हे लिटर कापले गेले. मी चोर नाही एवढंच सांगत राहिलो. पुढे डेन्सिटी (घनता) आणि तापमान दोन्हीकडे स्वतः वहीत टिपायला लागलो, तेव्हा कपात थांबली.

चोर हा शब्द आमच्या भागात हलका नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पाणेवाडीजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. त्यानंतर कितीतरी दिवस पाणेवाडीचा टँकरवाला म्हटलं की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकायचा. आमच्यातले काही जण इंधनचोरीच्या त्या धंद्यात होते, हे नाकारून चालणार नाही. टाकीला इलेक्ट्रॉनिक कुलूप आणि गाडीला ट्रॅकिंग आलं तेव्हा बरेच जण कुरकुरले. मला बरंच वाटलं. निदान माप कमी भरलं तर दाखवायला काहीतरी होतं.

जानेवारी २०२४ मध्ये पोरांनी टँकर उभे केले तेव्हा पंपांवर रांगा लागल्या, आणि दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर चालक दिसले. चर्चा होती नव्या न्याय संहितेतल्या १०६(२) या कलमाची, अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची. जुलैमध्ये संहिता लागू झाली, ते कलम तेवढं बाजूला ठेवलं. त्या दोन दिवसांत शिक्षा किती असावी हे सगळ्यांनी सांगितलं. शिकवावं किती, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. त्याच्या सहाच महिने आधी, जून २०२३ मध्ये, खंडाळ्याला द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर उलटून पेटला होता. चार माणसं गेली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ गॅसचा टँकर अंजणारीच्या पुलावरून काजळी नदीत गेला.

मागणी मोठी नाही. जुना टँकर आणून त्यात निम्मं पाणी भरा आणि मोकळ्या मैदानात नव्या माणसाला ब्रेक मारायला लावा, वळायला लावा. पाणी सांडलं तर जमीन भिजेल. मग एक महिना उस्तादाच्या शेजारी. आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. ‘ताबा सुटला’ लिहिण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. टाकीत माल किती होता आणि कुठल्या कप्प्यात होता, आणि चालक टँकरवर कितव्या दिवशी होता. दोन्हींची उत्तरं मालकाकडे असतात.

पुतण्याला एका ठिकाणी टँकरवर काम मिळालंय. महिनाभर उस्तादाशेजारी बसायला तो तयार आहे. मालक म्हणतो, दोन माणसांचा भत्ता परवडत नाही, पोरगं सहा वर्षं गाडी चालवतंय, त्याला काय शिकवायचं. मी म्हटलं, बिनभत्त्याचा मी बसतो. त्यावर त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त टँकरचालक
मनमाड, ता. नांदगाव, जि. नाशिक
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)