इमारत रिकामी होते, कुत्रा कुठे जातो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले जाते. परंतु ठाण्याच्या रस्त्यांवरील काही कुत्री काल-परवापर्यंत कुणाच्या तरी घरात राहत होती, याची दखल क्वचितच घेतली जाते. गेली काही वर्षे मी दर रविवारी शहराबाहेरच्या एका प्राणी-निवाऱ्यात मदतीला जाते. तेथे गाडीखाली सापडलेली, खरजेने अंगावरचे केस गेलेली जनावरे येतात, तशीच गळ्यात पट्टा असलेली आणि ‘बस’ म्हणताच बसणारी कुत्रीही येतात. ही दुसऱ्या प्रकारची कुत्री निवाऱ्यात अधिक खंगतात. पहिले काही दिवस ती अन्नाला तोंड लावत नाहीत आणि फाटकाकडे तोंड करून पडून राहतात.

अशा मालकांना मीही पूर्वी मनातल्या मनात बरेच बोल लावत असे. आमच्या नौपाड्यातील जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या, तेव्हा माझे मत बदलले. विकासक भाडे देतो, सामान हलवण्याचा खर्चही देतो, पण ते भाडे घेऊन जागा शोधायला निघालेल्या कुटुंबाला एजंट पहिल्याच फोनवर विचारतो, “घरात कुत्रा-बित्रा नाही ना?” आमच्या गल्लीतील एका वृद्ध दांपत्याने त्यांच्या अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी नऊ घरे पाहिली आणि नऊही घरमालकांनी नकार दिला. अखेर आजी त्याला घेऊन निवाऱ्यात आल्या, तेव्हा तेथील व्यवस्थापकांनी त्याला ठेवून घेण्याऐवजी त्यांना खुर्चीवर बसवले आणि ओळखीपाळखीत फोन लावायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी कळव्यात तळमजल्यावरची एक खोली मिळाली. निवाऱ्यातला एक पिंजरा त्यामुळे मोकळा राहिला आणि त्याच आठवड्यात तो पाय मोडलेल्या एका पिल्लाला मिळाला. जनावर वाचवण्याचे काम त्याला रस्त्यावरून उचलण्यापासून सुरू होते, असे आपण धरून चालतो. पण या प्रकरणात ते चार दिवसांच्या फोनवरच भागले.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. एकट्या घरमालकाने ‘कुत्रा नको’ म्हटले, तर मात्र भाडेकरूच्या हाती काही उरत नाही. उलट, जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा असला, तरी पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये एवढाच आहे. बेफिकीर माणसाला या दंडाचा धाक वाटत नाही आणि अडचणीतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

जनावर सोडून देण्याचे दुसरे कारण उपचारांच्या खर्चाचे. पिल्लाला पार्व्हो हा विषाणूजन्य आजार झाला, तर कित्येक दिवस सलाईन लावावे लागते. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाला, तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. घरकाम करणाऱ्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या कुटुंबाला खासगी दवाखान्याचे हे बिल झेपत नाही. अशा वेळी परळचे प्राण्यांचे जुने बाई साकरबाई रुग्णालय आठवते. परंतु रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, टॅक्सीवाला आजारी कुत्रा पाहून काच वर करतो आणि सकाळच्या लोकलबद्दल तर बोलायलाच नको. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. ते योग्यच आहे, पण मालकाच्या खिशात पैसे नसतील तर पुढे काय, याचे उत्तर त्यांत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांना माझी विनंती आहे की, कुत्रा पाळण्याच्या परवान्यापोटी जमा होणाऱ्या शुल्कातील काही भाग गरजू मालकांच्या जनावरांची नसबंदी आणि तातडीच्या शस्त्रक्रिया यांसाठी बाजूला काढावा. मालक रुग्णालयात असताना महिनाभर जनावर सांभाळू शकतील अशा नागरिकांची नोंदही वॉर्ड कार्यालयात ठेवता येईल. पुनर्विकासाच्या बाबतीत तर पालिकेचीही वाट पाहायला नको. सोसायटी विकासकाशी करार करते तेव्हा पार्किंगच्या प्रत्येक फुटाचा हिशेब मांडला जातो. त्याच बैठकीत कुणाकडे जनावर आहे हे विचारले, तर त्या घरांसाठी जागा शोधायला सहा महिने मिळतील. आज इमारतीला कुलूप लागण्याच्या आठवड्यात धावपळ सुरू होते.

आमच्या गल्लीतील आणखी दोन इमारती दिवाळीनंतर रिकाम्या होणार आहेत. त्यांत तीन कुत्री आणि एक मांजर आहे, अशी यादी आम्ही शेजाऱ्यांनी केली आहे. दोन घरांना भाड्याची जागा मिळाली आहे. उरलेल्या दोघांसाठी शोध सुरू आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)