वयाचा रकाना गाळणाऱ्या मुद्रितशोधक काकांस

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी सर्वांसमक्ष लिहीत आहे, याचा आपल्याला राग येईल हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी सारे आयुष्य दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या आणि अनुस्वार नीट केले आणि तरीही ज्यांचे नाव ऋणनिर्देशात क्वचितच आले, त्यांनी एकदा तरी स्वतःचे आभार छापील अक्षरांत वाचावेत, अशी माझी हौस आहे.

तीन वर्षांपूर्वी कादंबरीचे बाड घेऊन मी आपल्याकडे आले, ते खरे तर मुद्रितशोधनासाठी नव्हे. हे लेखन छापण्याजोगे नाही असे कुणा जाणत्याने सांगून टाकावे आणि आपण सुटावे, एवढीच माझी इच्छा होती. त्या वर्षी एका दिवाळी अंकाने माझी कथा साभार परत पाठवली होती आणि त्याच अंकाच्या अनुक्रमणिकेत माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीचे नाव ठळक टाइपात होते. अंक हाती आला की आधी अनुक्रमणिकेतली नावे वाचायची आणि मग आतले काहीच न वाचता तो मिटून ठेवायचा, अशी माझी तेव्हा रीत झाली होती.

बाडाबरोबर माझी एक वहीही चुकून आपल्या टेबलावर आली. तिच्यात तीन रकाने होते: लेखक, पहिले पुस्तक आणि तेव्हाचे वय. भालचंद्र नेमाडे, ‘कोसला’, 1963, वय 25. अशी पानेच्या पाने मी भरली होती आणि प्रत्येक ओळीतून माझ्या अडतीस वर्षांची वजाबाकी करत बसले होते. आपण चष्मा कपाळावर सरकवून ती वही शांतपणे चाळलीत आणि म्हणालात, “ज्ञानेश्वरी शके 1212 ची, आणि माऊलींचे वय परंपरेप्रमाणे पंधरा. ही नोंद पहिली घातली असतीस, तर पुढचा सगळा खटाटोप वाचला असता.”

मग आपण लाल पेनाने आणखी दोन नोंदी केल्यात. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला, म्हणून त्यांच्यापुढे 66. बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने 1952 साली आली आणि त्या 1951 सालीच गेल्या होत्या, म्हणून तिथे वयाच्या जागी नुसती आडवी रेघ. मला वाटले, आपण माझी समजूत घालत आहात. तोच तुम्ही त्या संपूर्ण रकान्यावर मजकूर गाळण्याची खूण केलीत. “उशिरा लिहिणाऱ्यांशी केली तरी ती तुलनाच,” एवढेच आपले शब्द होते.

त्यानंतर कपाटातून निघालेल्या जुन्या गॅली प्रूफांविषयी, म्हणजे पाने पाडण्याआधी तपासायला काढलेल्या कच्च्या छापील कागदांविषयी, थोडे लिहायलाच हवे. लेखकाचे नाव आपण कागद दुमडून झाकले होते. एक परिच्छेद तीनदा खोडलेला होता, समासात जागा उरली नव्हती म्हणून वर चिठ्ठी डकवली होती आणि त्या चिठ्ठीवरही काट मारलेली होती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बिचाऱ्या जुळाऱ्याने तेव्हा काय उद्गार काढले असतील, तेही आपण सांगितलेत. ते इथे लिहिता येत नाहीत. बांधून आलेले पुस्तक समोर ठेवून मी ज्याच्याशी माझा खर्डा ताडून पाहत होते, त्याचा खर्डा मी जन्मात पाहिला नव्हता, हे मला त्या दुपारी कळले.

आपण दिलेला सर्वांत उपयोगी सल्ला मात्र मला सुरुवातीला क्रूर वाटला होता: दुसऱ्याचे वाचताना जिथे जळफळाट होईल, तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची. मी मैत्रिणीची ती कथा अखेर वाचली. साऱ्या कथेत एकच खूण झाली, आणि तीही अगदी साध्या वाक्यापाशी. भांडण होता होता सासू डब्याचे झाकण लावते आणि काहीच बोलत नाही. प्रसंग तिथेच संपतो. मी असते तर सासूच्या मनात काय चालले आहे ते अर्धे पान समजावून सांगितले असते. मला हवे होते ते तिच्या नावाचे ठळक टाइप नव्हेत, वेळेवर थांबता येणे होते. त्या आठवड्यात माझ्या सातव्या प्रकरणाची अकरा पाने चारवर आली आणि ती कथा आवडल्याचे पत्र मी मैत्रिणीला पाठवले.

पुरती बरी झाले, असे मी म्हणणार नाही. पुरस्कारांच्या बातम्या अजून टोचतात आणि यंदाही अनुक्रमणिका आधीच पाहिली. फक्त त्यानंतर अंक मिटला नाही.

कादंबरीचे पहिले प्रूफ आले आहे. मी ते दोनदा तपासले आहे, म्हणजे आपल्याला किमान वीस चुका सापडतील. रविवारी घेऊन येते. ऋणनिर्देशातल्या आपल्या नावावर आपण गाळण्याची खूण कराल याची मला खात्री आहे. तेवढी एक दुरुस्ती मी छापखान्याला कळवणार नाही.

आपली कृतज्ञ,
सातव्या प्रकरणाची लेखिका